काखेतले नोड ठेवले म्हणजे ट्रीटमेंट अर्धवट झाली का?

प्रश्न : माझ्या सासूबाई 58 वर्षांच्या आहेत, डाव्या ब्रेस्टमधली कॅन्सरची दोन सेंटिमीटरची गाठ मागच्या महिन्यात काढली, ब्रेस्ट ठेवलं. काखेतले तीन नोड (लसिका ग्रंथी) तपासले त्यात एक पॉझिटिव्ह आला, म्हणजे त्यात कॅन्सर निघाला, तरी सर्जन म्हणतात बाकीचे काढायचे नाहीत, केमोनंतर शेक (रेडिएशन) देऊ, तेही फक्त 15. आमच्या आत्याबाईंचे पूर्वी सगळे नोड काढलेले आणि 25 शेक झालेले, त्या रोज फोन करतात की मुळापासून साफ करून घ्या, डॉक्टर टाळाटाळ करतायत. परत ऑपरेशन करा म्हणून मागे लागू का? आणि घरात तान्हं बाळ आहे, शेक चालू असताना त्यांच्याकडे दिलेलं चालेल का?
– एक सून, डोंबिवली

उत्तर : ताई, मागे लागू नका, पण रिपोर्ट हातात घेऊन दोन-तीन गोष्टी मात्र विचारा. आत्याबाईंच्या वेळी तसंच करायचे, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. फक्त त्यांना हळूच विचारा त्या बाजूचा हात सुजतो का, बांगडी घट्ट होते का, कारण सगळे नोड काढले की हातातलं पाणी वाहून जायची वाट कमी होते आणि ही सूज एकदा धरली की जन्मभर सांभाळावी लागते.

अमेरिकेतल्या झेड-0011 ट्रायलमध्ये अशाच बायका होत्या, गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, एक किंवा दोन नोड पॉझिटिव्ह, ब्रेस्ट ठेवलेलं आणि पूर्ण ब्रेस्टला शेक. निम्म्यांची काख साफ केली, निम्म्यांची नाही, आणि दहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण बघितलं तर नोड काढलेल्यांचं 83.6 टक्के आणि न काढलेल्यांचं 86.3, म्हणजे काख साफ करून जीव जास्त वाचला असं काही दिसलं नाही. युरोपातल्या अमारोस ट्रायलमध्ये काखेचं ऑपरेशन आणि काखेला शेक यांची तुलना केली, पाच वर्षांनी हात सुजलेल्या ऑपरेशनवाल्यांत 23 टक्के, शेकवाल्यांत 11 टक्के, आणि काखेत कॅन्सर परत येणं दोन्हीकडे अगदी थोडं.

पण हे सगळ्यांना लागू नाही हं. तीन किंवा जास्त नोड पॉझिटिव्ह, नोड एकमेकांना चिकटलेले, किंवा ऑपरेशनच्या आधीच केमो दिलेली, असं असेल तर गणित वेगळं. तुमच्या सासूबाईंचं तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर सर्जन बरोबर सांगतायत. रेडिएशनच्या डॉक्टरांना एवढं विचारा की शेकात काख आणि गळ्याच्या हाडावरचा भाग घेणार का, आणि डावी बाजू आहे तर हृदय वाचवायला श्वास रोखून शेक देणार का.

आता 15 चं. दर वेळी डोस थोडा मोठा असतो म्हणून दिवस कमी लागतात, पाच आठवड्यांच्या जागी तीन, आणि रिझल्ट तितकेच चांगले. इंग्लंडच्या ट्रायलमध्ये तर काही बायकांना पाचच शेक दिले, त्याचे 2020 मध्ये आलेले आकडेही चांगले आहेत. गाठीच्या जागेवर बूस्ट म्हणून चार-पाच वाढले तर घाबरू नका.

बाळ खुशाल द्या. मशीन बंद झालं की अंगात काही राहत नाही.

डोंबिवलीहून परळला रोज जाणार असाल तर दुपारचा स्लॉट मागून घ्या, सकाळच्या फास्ट लोकलच्या गर्दीत काखेला धक्के नकोत, तिसऱ्या आठवड्यात थकवाही येतो आणि कातडी काळवंडते. सैल सुती ब्लाउज, आणि शेकाच्या जागी गरम पाण्याची पिशवी अजिबात नाही.

प्रश्न : आई 71 वर्षांची, गाठ दीड सेंटिमीटर, नोड क्लिअर, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा कॅन्सर). शेक नको म्हणते. ऐकू का?
– गिरगाव

उत्तर : ऐकण्यासारखं आहे. 65 च्या पुढच्या अशा बायकांवरच्या प्राइम-2 ट्रायलमध्ये दहा वर्षांत त्याच ब्रेस्टमध्ये परत आजार आला तो शेक घेतलेल्यांत 0.9 टक्के, न घेतलेल्यांत 9.5, पण आयुष्यमानात फरक नव्हता. मात्र हार्मोनची गोळी पाच वर्षं रोज घ्यायला हवी. आई बीपीची गोळी विसरते का ते आधी बघा, विसरत असेल तर शेकच बरा.