होमलँड सिक्युरिटीची पदवी, 40 लाखांचं कर्ज आणि तारण ठेवलेला फ्लॅट

प्रश्न नाशिकच्या एका वडिलांचा आहे. त्यांचं वय 54, नोकरी खासगी कंपनीत, निवृत्ती 58 व्या वर्षी. मुलगी 22 वर्षांची, मानसशास्त्रात बी.ए. झालेली. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात तिला क्रिमिनल जस्टिसच्या (गुन्हे आणि न्यायव्यवस्थेचा अभ्यास) दोन वर्षांच्या एम.एस.ला प्रवेश मिळाला असून होमलँड सिक्युरिटी, म्हणजे देशांतर्गत सुरक्षा, हा विशेष विषय आहे. तिला तपास यंत्रणेत काम करायचं आहे, तिकडे किंवा इकडे. खर्चाचा त्यांचा अंदाज 70,000 डॉलर, म्हणजे 85 रुपये दराने 59.5 लाख. त्यातले 40 लाख राहता फ्लॅट तारण ठेवून 11 टक्क्यांच्या शैक्षणिक कर्जातून आणि 20 लाख पीएफमधून उभे करायचे, असा बेत आहे. ‘करावं का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

माझं उत्तर: या स्वरूपात करू नका. मुलीची आवड खरी आहे आणि विषयही भक्कम आहे. पण ही पदवी ज्यांच्यासाठी घडवली गेली, त्यांच्यात तुमची मुलगी बसत नाही, आणि कर्जाचा सगळा धोका तिथूनच सुरू होतो.

अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसचे विभाग वाढले ते 1960 च्या दशकाच्या अखेरीस. 1968 च्या कायद्यानंतर सरकारने पोलिसांना शिकण्यासाठी कर्जं आणि अनुदानं द्यायला सुरुवात केली. होमलँड सिक्युरिटीचे अभ्यासक्रम आले 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर. 22 यंत्रणा एकत्र करून त्या नावाचं खातं 2003 मध्ये सुरू झालं. विद्यार्थी प्रामुख्याने नोकरीतले पोलीस, अग्निशमन अधिकारी, माजी सैनिक. म्हणून यातले कितीतरी अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा संध्याकाळचे असतात. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये तर निवडलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाची एम.ए. विनाशुल्क करता येते. म्हणजे आधी नोकरी, मग पदवी. तुम्ही उलट्या क्रमाने जात आहात, तेही कर्ज काढून.

तिकडच्या सरकारी नोकरीचा दरवाजा तिच्यासाठी बंद आहे. 1976 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानुसार केंद्रीय नागरी सेवेतली नियमित पदं, अगदी मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकी नागरिकांनाच मिळतात. एफबीआय आणि सीमा गस्ती दलालाही नागरिकत्व लागतं. खासगी कंत्राटदाराकडच्या गोपनीय कामासाठी जी सुरक्षा मंजुरी लागते, तीही नागरिकांनाच मिळते. शिवाय एफबीआयच्या स्पेशल एजंटला कोणत्याही शाखेची पदवी चालते. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ‘आमचे पदवीधर कुठे काम करतात’ या मथळ्याखाली जी नावं दिसतात, ती बहुतेक तिला लागू नाहीत.

उरतं ते खासगी क्षेत्र: बँकांचे फसवणूक तपास आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधाचे विभाग, कंपन्यांचे सुरक्षा नियंत्रण कक्ष. तिथे काम मिळू शकतं, पण किती दिवस? एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला पदवीनंतर 12 महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. अभ्यासक्रम सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी 24 महिने. हे नावावरून ठरत नाही, विद्यापीठ देतं त्या आय-20 या कागदावर छापलेल्या सहा आकडी सीआयपी कोडवरून (अभ्यासक्रमाच्या वर्गीकरण क्रमांकावरून) ठरतं. क्रिमिनल जस्टिसचा नेहमीचा कोड 43.0104 आणि होमलँड सिक्युरिटीचा 43.0301, हे दोन्ही यादीत नाहीत. सायबर फॉरेन्सिक्सचा (संगणकातल्या पुराव्यांचा तपास) 43.0403 यादीत आहे. ओपीटीत एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. त्यानंतर लागतो एच-1बी, म्हणजे विशिष्ट विषयाची पदवी लागणाऱ्या नोकरीचा व्हिसा. त्यासाठी वर्षाला 65,000 जागा आणि अमेरिकेतल्या पदव्युत्तरांसाठी वेगळ्या 20,000. निवडीची नोंदणी मार्चमध्ये. बारा महिन्यांच्या ओपीटीत ही संधी साधारण एकदाच येते. आणि ‘कोणतीही पदवी चालेल’ अशा सुरक्षा पदासाठी हा व्हिसा मिळणं मुळातच अवघड असतं.

आता तुमचा हिशोब. 70,000 डॉलरमध्ये तुम्ही फी (वर्षाला 20,000) आणि राहणं-खाणं (15,000) धरलं आहे. आरोग्य विमा आणि पुस्तकं राहिली. विमा विद्यापीठं सहसा सक्तीचा करतात, म्हणून दोन्ही मिळून वर्षाला 3,000 धरा. झाले 76,000 डॉलर. दर मी 90 रुपये धरतो: 68.4 लाख. दुसऱ्या वर्षी रुपया तीन टक्के घसरला तर आणखी एक लाख. विमानाची तिकिटं, सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) 350 डॉलर, व्हिसाचे 185, घराची अनामत, थंडीचे कपडे यांचे अडीच लाख. एकूण सुमारे 72 लाख. म्हणजे तुमच्या बेतात 12 लाखांचं भगदाड आहे, आणि ते दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर उघडं पडेल. तेव्हा मागे फिरता येत नाही. तिथे मग वैयक्तिक कर्ज काढलं जातं.

कर्जाचे 20 लाख पहिल्या वर्षी आणि 20 लाख दुसऱ्या वर्षी उचलले, आणि हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू झाला, तर तोवर 11 टक्क्यांनी सरळव्याज होतं 11 लाख. ते मुद्दलात मिळून 51 लाख. दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे 70,250 रुपये, पंधरा वर्षांसाठी सुमारे 58,000. आता तारखा जुळवून पाहा. हप्त्याची सवलत पदवीनंतर एक वर्ष, ओपीटीही एक वर्ष. काम करण्याची परवानगी संपण्याच्या सुमारास पहिला हप्ता दारात उभा राहतो. त्या वेळी तुमचं वय 57. पुढच्या वर्षी तुमचा पगार थांबतो आणि हप्ता 67 व्या वर्षापर्यंत चालतो.

ओपीटीच्या वर्षात तिला चांगली नोकरी लागली आणि तिने काटकसरीने 12,000 डॉलर मागे टाकले असं धरू. ते 10.8 लाख झाले. साचलेलं व्याज जेमतेम फिटलं, मुद्दल 40 लाख तसंच. परत आल्यावर मुंबई-पुण्यात फसवणूक तपासाच्या नोकरीत हातात महिना 50,000 आले, तर दहा वर्षांचा हप्ता त्याहून मोठा आहे. पगाराच्या 30 टक्क्यांहून जास्त हप्ता नको या हिशोबाने तिला 15,000 झेपतात. एवढ्या हप्त्यात दहा वर्षांत 11 टक्क्यांनी 10.9 लाख फिटतात, म्हणजे परतफेड सुरू होताना शिल्लक त्याहून जास्त नको. मधलं व्याज तुम्ही दरमहा भरत गेलात तर तेवढंच कर्ज काढता येईल. साचू दिलंत तर मूळ कर्ज साडेआठ लाखांच्या वर नको. तुम्ही 40 काढत आहात.

पीएफला हात लावू नका. आजचा 8.25 टक्के दर टिकला तर ते 20 लाख निवृत्तीपर्यंत साडेसत्तावीस लाख होतील. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही. फ्लॅट तारण असताना हप्ते थकले तर बँक न्यायालयात न जाताही सरफेसी कायद्याखाली जप्तीची कारवाई करू शकते, आणि सहकर्जदार म्हणून तुमचा सिबिल स्कोअरही पडतो. ‘आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते’ असं तुम्ही लिहिलं आहे. मिळते, पण जुन्या करप्रणालीतच आणि जास्तीत जास्त आठ वर्षं. निवृत्तीनंतर करपात्र उत्पन्नच कमी असेल तर तिचा उपयोगही तेवढाच. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक कापते त्या कराची, काळजी मात्र सोडा: बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर तो नाही, आणि स्वतःच्या पैशावर एका पॅनला आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत नाही.

इकडच्या यंत्रणांचं काय? इंटेलिजन्स ब्युरोच्या एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी) पदाला कोणतीही पदवी चालते, वय खुल्या प्रवर्गाला 27 पर्यंत. यूपीएससीच्या सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं) असिस्टंट कमांडंटला वय 20 ते 25. सीबीआयचे उपनिरीक्षक कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून (एसएससी सीजीएल) येतात. या तिन्हींसाठी ती आजच पात्र आहे. अमेरिकेतली दोन वर्षं, वर ओपीटीचं एक, यात सीएपीएफचं वय उलटून जाईल. ही बाजू तुमच्या पत्रात कुठेच नव्हती आणि माझ्या मते तीच सर्वांत महाग पडणारी आहे.

शिकायचंच असेल तर मानसशास्त्राच्या पदवीधरासाठी इथेच रस्ते आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात न्यायवैद्यक मानसशास्त्र आणि गुन्हेशास्त्र शिकवतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या एम.ए.ची गुन्हेशास्त्र आणि न्याय ही शाखा आहे. गांधीनगरजवळच राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. या संस्थांत राहण्या-खाण्यासकट दोन वर्षांचा खर्च वर काढलेल्या कर्जमर्यादेशी ताडून पाहा. नंतर दोन वर्षांचा तपासाचा अनुभव घेऊन सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनरची पात्रता मिळवता येते. बँका आणि मोठ्या लेखा कंपन्या ती ओळखतात.

सायबर फॉरेन्सिक्सकडे वळून स्टेमची तीन वर्षं मिळवावीत, असं कोणी सुचवेल. संगणकाचा पाया नसताना मी तो सल्ला देणार नाही. तिथली पहिलीच सत्रं नेटवर्किंग आणि प्रोग्रामिंगची असतात, आणि नापास झाल्यास फी पुन्हा डॉलरमध्येच भरावी लागते.

अमेरिकेला मी ‘हो’ म्हणेन ती एकाच स्थितीत: विद्यापीठाने पूर्ण फीमाफीसह असिस्टंटशिप (विभागात मानधनावर काम) लेखी दिली, तिच्या मानधनातून राहण्याचा बराचसा खर्च निघाला आणि कर्ज 10 लाखांच्या आत राहिलं. म्हणून प्रवेशाची अनामत भरण्याआधी मुलीनेच विद्यापीठाला ईमेल करावा. त्यात चार गोष्टी विचाराव्यात: आय-20 वर कोणता सीआयपी कोड येईल, किती विषय प्रत्यक्ष वर्गात होतात (एफ-1 वर सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ अभ्यासात मोजला जातो), गेल्या दोन वर्षांत या विभागातल्या किती परदेशी विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप आणि ओपीटीची नोकरी मिळाली, आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का. शेवटच्याला होकार आला तर तो घ्या. त्या वर्षात तिला सीएपीएफ आणि एसीआयओसाठी बसू द्या आणि गांधीनगर-मुंबईचे प्रवेश अर्जही भरा. सेव्हिसची फी तोवर भरू नका, ती परत मिळत नाही.