मॅडम, एचआरला सांगू का?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता लिहूनच टाकते. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले, कोण वेर्ण्याच्या कंपनीत, कोण पणजीला पाटोवर, एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि हातातलं काम पुरं करणं अवघड जाणारी मेंदूची ठेवण, आहे हे नुकतंच कळलेलं, आणि भीती एकच, कंपनीचा इन्शुरन्स वापरला तर ऑफिसात कळेल आणि प्रमोशन अडेल.

त्यातल्याच एका मुलीचं सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. फोंड्याहून रोज वेर्ण्याला जायची, औषध कंपनीत क्वालिटीला. तपासणी चोख पण रेकॉर्ड पुरी करायला उशीर, दोन मेमो आलेले. "मी आळशीच आहे मॅडम, आई पण तेच म्हणते." निदान करणं माझं काम नाही, म्हणून बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात, पाठवलं, पण जाताना आईला शाळेतली प्रगतिपुस्तकं शोधायला लावली, कारण मोठेपणी निदान करतानाही वयाच्या 12 च्या आधी लक्षणं होती का ते बघतात. तिसरीपासून शेरा एकच, येतं सगळं पण पुरं करत नाही. वाचता वाचता आईच गप्प झाली.

मग पॉलिसी. "यात मानसिक आजार कव्हर आहेत असं लिहिलंय!" लिहिणारच, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना ते शारीरिक आजारांसारखंच द्यावं लागतं. पण एडीएचडीसाठी इस्पितळात अॅडमिट कोण होतं? डॉक्टरची फी, गोळ्या, समुपदेशन, सगळं ओपीडीचं, आणि बऱ्याच ग्रुप पॉलिस्या अॅडमिट झालात तरच पैसे देतात. म्हणून एचआरला नेमकं विचारायचं, ओपीडी कव्हर आहे का, त्यात सायकियाट्रिस्ट आणि समुपदेशन धरतात का, क्लेमचे कागद एचआरकडे न देता थेट टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीचे क्लेम बघणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडे, टाकता येतात का. हे विचारायला स्वतःचं निदान सांगावं लागत नाही, नवीन पॉलिसी समजून घेतेय एवढं पुरे. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या मागे लागू नका, 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडीचं नाव नाही.

पण पैशाने रेकॉर्ड पुरी होत नाहीत. चौथ्या भेटीत मी विचारलं, "तुझं कुठलं काम कधीच राहत नाही?"

बराच वेळ बोललीच नाही. मग, "शिफ्ट हँडओव्हर."

"का गं?"

"पुढची मुलगी समोर उभी असते ना, वही उघडून." आणि एकदम ताठ बसली. "म्हणजे मला कोणतरी समोर पाहिजे मॅडम. ओरडायला नको, नुसतं बसायला."

मी कायम हेच धरून काम केलंय की माणूस बदलायच्या आधी त्याचं टेबल आणि घड्याळ बदलून बघावं, पण ते मी न सांगता तिच्याच तोंडून आलं, त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटलं.

मॅनेजरला दिलेला अर्ज आम्ही मिळून लिहिला, चारच ओळी. एडीएचडी हा शब्द नाही. रोज तीनला 15 मिनिटं एका सहकाऱ्याबरोबर बसून रेकॉर्ड पुरी करू दे, आणि नवीन काम तोंडी न सांगता मेलवर द्या. साहेबांनी लगेच हो म्हटलं, त्यांना रेकॉर्ड वेळेवर पाहिजे होती. एचआरवाले वाचत असतील तर त्यांना कळकळीने सांगते, अशा अर्जाला निदानाचा कागद मागू नका, खर्च काहीच नाही यात.

तिच्या कंपनीत ईएपी पण निघाला, बाहेरच्या समुपदेशकाशी फुकट बोलायची सोय, घरच्यांनाही चालते. आईचं नाव तिने घातलंय. आई अजून फोन करत नाही, पण नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवलाय म्हणे.