पेशीतल्या इंटरमिजिएट फिलामेंट्सवाचून नेमकं काय अडतं?

पेशीच्या सांगाड्यात ॲक्टिन आणि सूक्ष्मनलिका हे दोन प्रकारचे तंतू असताना पेशीला हे तिसऱ्या जातीचे तंतू, म्हणजे इंटरमिजिएट फिलामेंट्स, कशाला, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलाच्या टाचा पाहिल्या असत्यात तर हा प्रश्न पडला नसता.

त्याला एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स आहे, म्हणजे कातडी जरा घासली की फोड येणारा आनुवंशिक आजार. बाह्यत्वचेच्या अगदी तळच्या पेशींत केराटिन ५ आणि केराटिन १४ ही प्रथिनं जोडीनेच राहतात. सुंभ वळावा तसे एकमेकांभोवती वळून त्यांचा साधारण १० नॅनोमीटर जाडीचा तंतू होतो, हाच इथला इंटरमिजिएट फिलामेंट. तो खाली हेमिडेस्मोसोमला (पेशीला खालच्या थराशी जोडणारी गाठ) आणि बाजूंना डेस्मोसोमला (शेजारच्या पेशीशी जोडणारी गाठ) बांधलेला असतो. हालचाल ॲक्टिनची, मालवाहतूक सूक्ष्मनलिकांची, ताण सोसायचं काम याचं. जोडीतल्या एकात एखादं अमिनो आम्ल चुकीचं बसलं तरी घासल्यावर पेशीच फाटते, पाणी साचतं, फोड येतो. पेशीशास्त्रज्ञ एलेन फुक्स यांच्या गटाने १९९१ मध्ये आधी उंदरांत बिघडलेलं केराटिन घालून असे फोड आणून दाखवले, मग रुग्णांत तोच दोष शोधला.

आमच्याकडे मात्र आत्याबाईंनी केव्हाच निकाल देऊन टाकला होता: सुनेने दिवस राहिल्यावर पथ्य पाळलं नाही, उष्णता बाळात उतरली. मे महिन्यात फोड वाढायचे, त्यामुळे सगळ्यांना ते पटायचंही. (उन्हाळ्यात आणि घामाने हा आजार वाढतोच, त्याचा आईच्या जेवणाशी संबंध नाही.) सब्जा झाला, गुलकंद झाला. शाळेत पीटीच्या सरांनी 'नाटकं करतो' म्हणून पळवलं, त्या संध्याकाळी मोजा टाचेला चिकटला होता. कोमट पाण्यात पाय बुडवून तो इंच इंच सोडवला मी.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? नवरा म्हणाला, "मला व्हायचे लहानपणी. बाबांनाही." म्हणजे आत्याबाईंच्या सख्ख्या भावाला! त्यांनी ते पाय डोळ्यांनी पाहिले होते आणि तरी बोल मला लावला. तपासणीत केराटिन १४ मधला एकच बदल बापलेकांत निघाला. एका पालकाकडून आला तरी पुरतो, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता.

म्हणून सांगते, बाळाला फोड आले की आईने काय खाल्लं ते विचारू नका, दोन्ही घरच्या माणसांचे पाय बघा.

अर्थात दोष नवऱ्याचाही नाही, आणि कधी घरात कुणालाच नसताना बदल नव्याने होतो. प्रत्येक फोड म्हणजे हाच आजार, असंही नाही. एपिडर्मोलिसिस बुलोसाच्याच दुसऱ्या एका प्रकारात केराटिन नव्हे तर कोलॅजेन ७ हे कातडीचे थर बांधून ठेवणारं प्रथिन बिघडलेलं असतं, तो बहुधा जास्त गंभीर. स्नायूंतलं डेस्मिन, चेतापेशींतले न्यूरोफिलामेंट्स, केंद्रकातलं लॅमिन ही केराटिनसारखीच इंटरमिजिएट फिलामेंट्सच्या कुळातली. त्यांच्याबद्दल दुसरं कुणी सांगेल.

फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, नाहीतर पसरतो. वरची कातडी तशीच ठेवायची. आत्याबाई ती सोलून हळद भरायच्या. ते अजिबात करू नका.