सर्व्हरच्या आतली धूळ घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने काढली तर चालेल का?

नको, आतून तरी अजिबात नको, ब्लोअर किंवा कॉम्प्रेस्ड एअरचा कॅन वापरा. व्हॅक्यूमच्या प्लास्टिक नळीतून हवा आणि धूळ घासत जाते त्याने स्टॅटिक चार्ज (स्थिर वीज) तयार होतो आणि तो बोर्डवर किंवा रॅमवर उतरला तर पार्ट जाऊ शकतो, कधी लगेच तर कधी काही महिन्यांनी, मग कारण शोधत बसा. ऑफिसचे सर्व्हर मीच बघतो म्हणून हे कळकळीने सांगतोय.

करताना एवढं सांभाळा:
- नीट शटडाऊन करून दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढा, बरेच जण एकच काढतात आणि बोर्डला करंट चालूच राहतो
- फॅनचं पातं बोटाने धरून मगच हवा मारा, नाहीतर तो भन्नाट वेगात फिरून बेअरिंग खराब होतं
- कॅन उभाच धरा, तिरका केला की आतलं लिक्विड बाहेर येतं
- प्रोसेसरवरचं प्लास्टिकचं एअर कव्हर आठवणीने परत बसवा, त्याच्याशिवाय हवा हीटसिंकमधून (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट जात नाही

फक्त केस बंद असताना पुढच्या जाळीवरची धूळ बाहेरून ओढायला घरचा व्हॅक्यूम चालतो, आणि अँटीस्टॅटिक व्हॅक्यूम असेल तर आतूनही हरकत नाही.