एकाच माणसाचे दोन रिपोर्ट

प्रश्न : मी 34 वर्षांचा असून रोज पहाटे तालमीत जोर-बैठका मारतो आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पितो. जानेवारीत तालमीतून थेट लॅबमध्ये जाऊन रक्त दिले, तेव्हा अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) 4.7 आले. त्या वेळी घेरी आल्यामुळे जुलैत अर्धा तास आडवे पडून मग रक्त दिले, तर ते 4.3 भरले आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन) 0.6 वरून 3.8 वर गेले. त्याच आठवड्यात सर्दी झाली होती. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे लिपोप्रोटीन (ए) माझे 62 मिलिग्रॅम, तर एकाच घरात जेवणाऱ्या धाकट्या भावाचे 9. दूध वाढवू का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दुधाने अल्ब्युमिन वाढणार नाही, आहार पुरेसा असेल तर यकृत ते गरजेइतकेच तयार करते, आणि तुमचे दोन्ही आकडे 3.5 ते 5 या नेहमीच्या मर्यादेत आहेत. माणूस उभा राहिला की रक्तातले पाणी केशवाहिन्यांतून पायांच्या ऊतींमध्ये झिरपते, पण प्रथिनांचे मोठे रेणू मागे राहतात, त्यामुळे त्यांचे प्रमाण 5 ते 10 टक्के वाढलेले दिसते. व्यायामाने त्यात आणखी भर पडते. दूध आटवले म्हणजे त्यातला ऐवज वाढत नाही, तसेच हे आहे.

सीआरपीची गोष्ट वेगळी. साध्या सर्दीनेही यकृत ते भराभर तयार करू लागते आणि कारण सरले की दर 19 तासांनी ते निम्मे होत जाते. अल्ब्युमिनला निम्मे व्हायला साधारण 19 दिवस लागतात. म्हणूनच हृदयविकाराचा धोका जोखताना सीआरपी दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरतात, आणि सर्दीतला आकडा धरतच नाहीत.

तुम्ही शेवटी सहज लिहिलेल्या 62 ने मात्र मला थांबवले. लिपोप्रोटीन (ए) प्रामुख्याने एकाच जनुकावर ठरते. त्या जनुकाचा एक तुकडा कमी वेळा पुनरावृत्त झालेला असेल तर लिपोप्रोटीनमधल्या प्रथिनाचा रेणू लहान आणि रक्तातले प्रमाण बहुधा जास्त. आई-वडिलांकडून प्रत्येकी एक प्रत येते, पण ती कोणती, हे भावाभावांतही वेगळे असू शकते. निरोगी माणसामाणसांत हा आकडा शेकडो पटींनी बदलतो, पण एकाच माणसात वर्षानुवर्षे जवळपास तोच राहतो आणि पथ्याने फारसा हलत नाही. 50 च्या पुढचे प्रमाण हृदयाच्या दृष्टीने जास्त मानले जाते, तेव्हा हा रिपोर्ट डॉक्टरांना जरूर दाखवा. पुढच्या तपासणीला तालमीआधी जा आणि पंधरा मिनिटे बसून मग रक्त द्या.