आई-बाबांसोबत बडोदा एका दिवसात बघायचंय. टॅक्सी करावी की रिक्षा?

रिक्षाच. जुन्या शहरातल्या मांडवीच्या आसपासच्या गल्ल्यांत मोठी गाडी अडकली की निम्मी सकाळ हॉर्न ऐकण्यात जाते. रिक्षावाल्याशी दिवसाचा भाव आधीच ठरवा, थांबण्याचे पैसे धरून. "समजीने आपजो" (समजून काय ते द्या) म्हणाला तर दुसरा बघा!

सकाळी आधी तांबेकर वाडा. बाहेरून साधा लाकडी वाडा, पण आत भिंतभर चित्रं: एकोणिसाव्या शतकातली मराठी माणसं, पगड्या, नऊवाऱ्या, अगदी इंग्रजांशी लढायासुद्धा. जिने अरुंद आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर हात धरा. आमची आई खालच्याच पायरीवर बसून राहिली होती.

मग कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक; तिथली चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं सावकाश बघा. लक्ष्मीविलास राजवाड्याला दोन तास ठेवा. १८९० साली पुरा झालेला, आत राजा रविवर्मांची चित्रं आहेत. सोमवारी बंद असतो, तो वार टाळा. सयाजीबाग (सगळे कमाटीबागच म्हणतात) संध्याकाळी. सूरसागर तलाव जाता-येता दिसतोच.

दुपारी सेव-उसळ खा, तिखट तर्री वेगळी मागून. बाबांना आधी सांगून ठेवा.