जुना पॅरामोटर (पाठीवर इंजिन आणि प्रॉपेलर बांधून पॅराग्लायडरने उडायचं यंत्र) घेतलाय. जोडताना आणि उडण्याआधी काय काय तपासायचं?

ऐरोलीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जोडून बघू का, असंही तुम्ही विचारलंय. जरूर बघा, पण प्रॉपेलर न लावता, आणि इंजिन तिथे सुरू करू नका. उडण्याचं तर नावच नको. एकीकडे सांताक्रूझ, दुसरीकडे आता नवी मुंबईचाही विमानतळ. मी सीवूड्सला राहते, उडायला घाट चढूनच जाते.

माझा निम्मा वेळ प्रॉपेलरवर जातो. माझा लाकडी आहे. खाडीकाठच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा पिऊन फुगतं, बोल्टखाली दबतं. थंडीत वर घाटावर कोरडी हवा लागली की तेच लाकूड आकसतं, आणि आधी घट्ट केलेले बोल्ट सैल निघतात. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळता येणारा पाना, बरोबर ठेवा. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा, आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. जास्त जोर लावलात तरी लाकूड चिरडतं. मग स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवते आणि पात्याच्या कडेवरून हळूच नख फिरवते. डोळ्याला न दिसणारी चीर नखाला अडते.

पेट्रोल ताजंच भरा. हल्ली त्यात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. मॅन्युअलमध्ये ५०:१ असेल तर ५ लिटरला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल. सायलेन्सरच्या स्प्रिंगा, रबर माउंट, थ्रॉटल केबल, सगळं हाताने हलवून बघा. किल स्विच दाबल्यावर इंजिन खरंच बंद पडतं का, हे उडण्याआधी कळलं पाहिजे.

आता पिंजरा, म्हणजे प्रॉपेलरभोवतीचं जाळीचं कडं. एकदा शेवटचा सांधा बसवत होते, तेवढ्यात गावातला एक पोरगा आला. "काकू, एवढा मोठा पंखा कुठं बसवणार?" मी हसले, दोन गोष्टी बोलले आणि परत कामाला लागले ते थेट पुढच्या गोष्टीपासून. सांध्याचा पट्टा तसाच राहिला. जमिनीवर फुल थ्रॉटल दिला, कडं आत झुकलं, कर्रर्र आवाज झाला, जाळीची दोरी तुटली आणि प्रॉपेलरचं टोक कुरतडलं गेलं. तेव्हापासून कुणी मध्ये बोललं की मी पहिल्या बोल्टपासून सुरू करते. लोक कंटाळतात, कंटाळू देत. पिंजरा लागला की वरचं कडं हाताने दाबूनही बघा, पात्याला टेकता कामा नये.

हार्नेस (अंगावर बांधायचं पट्ट्यांचं आसन) चढवताना पायाचे पट्टे सगळ्यात आधी, काढताना सगळ्यात शेवटी.

आणि जुना घेतलाय म्हणता, तर रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) शेवटचं कधी पॅक केलंय ते विकणाऱ्याला आजच विचारा. गोलमोल उत्तर आलं तर उघडून पुन्हा पॅक करून घ्या, तेही जाणकाराकडून. पहिलं उड्डाण प्रशिक्षकासमोर करणार असालच, तेव्हा विंगच्या (डोक्यावरच्या कापडी पंखाच्या) दोऱ्या आणि कापडही त्यांनाच दाखवा.